फळीच्या कडेची छत्रीवाली

मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, गोल आणि मधोमध भोक असलेली. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी रेकॉर्ड पाहिली नसेल त्यांनी जेवणाचे मोठे ताट डोळ्यांसमोर आणावे आणि ते पुठ्ठ्याइतके पातळ व काळेभोर आहे असे समजावे. माझ्या अंगावर बारीक चर आहेत आणि त्या चरांत गाणी आहेत; प्लेअर नावाच्या यंत्रावर मला फिरवून चरांत सुई टेकवली की ती वाजतात. मला सगळे 'छत्रीवाली' म्हणतात, कारण माझ्या वेष्टनावर समुद्रात उलटी पडून तरंगणारी एक लाल छत्री छापलेली आहे. एका घराच्या बाहेरच्या खोलीत, फळीच्या अगदी उजव्या टोकाला, भिंतीला खेटून मी उभी असते. मी जरा तिरकस बोलते, ते मनावर घेऊ नका. वर्षानुवर्षे कडेला उभे केले तर माणूससुद्धा तिरकस होतो, मग रेकॉर्डची काय कथा!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काळ्या दाण्यांची पोती रिकामी करीत, दाणे तापवून त्यांचा मऊ गोळा करीत आणि तो गोळा दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबत. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गोळ्याचे ताट होई. मग गार पाणी, मग कडांची छाटणी. शेवटी एका बाईने मला उजेडाकडे तिरके धरून पाहिले आणि पसंतीची मान हलवली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळणार नाहीत हे तेव्हा ठाऊक असते, तर मी ती जपून ठेवली असती.

आता माझ्या आत काय वाजते ते सांगते. एक रॉक बँड होता. त्यांचे गाणे म्हणजे चहा गाळेपर्यंत संपले असे नसायचे. एकच गाणे रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापून बसे. सुरुवातीला ऑर्गन धुक्यासारखा पसरायचा, मग गिटार यायची, मग ड्रम असे काही वाजायचे की ऐकणाऱ्याने पाय कुठे आपटावा हेच कळू नये. मध्येच सगळे थांबायचे आणि एक बारीक, उंच बासरी एकटीच चालू लागायची. लोक त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. ज्या घरात मी आले तिथे त्याला नुसते 'आपली मंडळी' म्हणत.

त्या घराचे धनी म्हणजे तात्या. तात्या एका छापखान्यात मशीन चालवत. मोठमोठे कागद एका बाजूने आत जात आणि दुसऱ्या बाजूने रंगीत होऊन बाहेर पडत. त्या मशीनचा आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे. बाकीचे कामगार कानांत बोळे घालत. तात्या घालत नसत. त्यांचे म्हणणे असे, की मशीन आधी आवाजातून तक्रार करते आणि मग बिघडते. एकाऐवजी दोन कागद आत ओढले गेले, तर तो आवाज त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळे आणि ते धावत जाऊन मशीन थांबवत. "याच्या कानात भिंग बसवलंय," असे छापखान्यात म्हणत. तात्यांना या गोष्टीचा भारी अभिमान होता.

आपल्या मंडळींची पहिली रेकॉर्ड निघाली त्या दिवसापासून तात्या त्यांच्यामागे वेडे झाले. मी येण्याआधी माझ्या थोरल्या बहिणी घरात येऊन बसल्या होत्या. सगळ्यांत थोरली घुबडवाली. ती कच्ची, घाईघाईत वाजवलेली, पण तात्या म्हणत, "पोरं पहिल्यांदाच एकत्र वाजवताहेत, तो आनंद ऐका." तिच्या पाठची जिनेवाली. तिच्या वेष्टनावर कुठेच न पोहोचणारे जिने आहेत आणि आतला तालही तसाच. चढतोय म्हणता म्हणता उतरतो. तात्यांनी तो ताल समजून घ्यायला टेबलावर इतकी बोटे आपटली, की तिथला रंग उडाला. मग जोडवाली. ही म्हणजे एका वेष्टनात दोन रेकॉर्डी. ती पसारा मांडणारी, थोडी आगाऊ, पण तिच्या तिसऱ्या बाजूवरचे ऑर्गनचे दहा-बारा सूर असे आहेत, की ते वाजताना तात्या श्वास घ्यायचे विसरत.

आणि दीपगृहवाली! काळ्या रात्री एक दीपगृह, त्याचा पिवळा झोत, बाकी काही नाही. ही तात्यांची लाडकी. तिच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळी वाद्ये एकेक करून निघून जातात आणि ती बारीक बासरी एकटी उरते. ती वर वर जाते आणि दिसेनाशी होते. लग्नाआधीपासून तात्या ती ऐकत आले होते. लेक जन्मली त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर ऐकली होती. वडील गेले तेव्हाही ऐकली होती. दीपगृहवाली लागली की घरात कुणी भांड्याला भांडे लावायचे नाही, असा दंडक होता.

अशा घरात मी आले. तात्या माझी वाट पाहत होते. दुकान उघडण्याआधीच दारात उभे होते. घरी येऊन त्यांनी मला हलक्या हाताने बाहेर काढले आणि लावले. पहिली बाजू संपली. दुसरी संपली. तात्यांनी वेष्टन उलटून पाहिले आणि म्हणाले, "बासरीवाला गेला की काय?"

गेला होता. मंडळींत भांडण होऊन तो निघून गेला होता आणि उरलेल्यांनी त्याच्या जागी कुणाला न घेता जाड तारांचे, ढोलदार असे काहीतरी वाजवले होते. त्यात माझा काय दोष? पण तात्यांनी छापखान्यातले ठिपके पाहायचे भिंग आणले, माझ्या छत्रीवर ठेवले आणि वर आणखी एक निकाल दिला, "लालही सरकलाय. छपाईसुद्धा धड नाही." खरे आहे ते. माझ्या छत्रीचा लाल रंग केसभर बाजूला सरकून छापला गेला आहे. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, तशी माझी छत्रीही वाकडी ठरली.

तात्यांचा एक जिवलग मित्र होता. चष्म्याचे दुकान चालवायचा, म्हणून घरात त्याला चष्मेकाका म्हणत. वर्षातून एकदा छापखाना मशीनच्या दुरुस्तीसाठी बंद असे. त्या सुट्टीतल्या रविवारी चष्मेकाका सकाळीच यायचे आणि दोघे मित्र आम्हा सगळ्या बहिणींना एकापाठोपाठ एक ऐकायचे. मग वाद घालायचे. मग आवडीच्या क्रमाने आम्हाला डावीकडून उजवीकडे फळीवर लावायचे. ती फळी तात्यांनीच केली होती, कागदाच्या गठ्ठ्यांखाली येणाऱ्या लाकडी पट्ट्यांची. या सोहळ्याचे नाव 'मांडणी'.

मांडणीच्या दिवशी घरात रणधुमाळी असायची. चष्मेकाका जिनेवालीचे भक्त.

"अरे, जिनेवालीला डोकं लागतं," ते म्हणायचे. "तुझ्या दीपगृहवालीला नुसता रुमाल लागतो."

"डोकं दुकानात वापर," तात्या म्हणायचे. "इथं हृदय लागतं, ते घेऊन ये पुढच्या वर्षी."

कधी घुबडवाली पुढे सरकायची, कधी जोडवाली मागे यायची. दीपगृहवालीला पहिल्या जागेवरून हलवायची कुणाची छाती नव्हती. माझ्याबद्दल मात्र दोघांत कधीच मतभेद नव्हते. "छत्रीवाली शेवटी ना?" "विचारतोस काय!" इतकेच. दोन मित्रांचे एकमत घडवून आणणारी त्या घरात मी एकटीच होते, पण त्याबद्दल मला कुणी धन्यवाद दिले नाहीत.

तात्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. काकूंना आपली मंडळी आवडत असे कुणी म्हटले नसते. "तुमचा तो कल्ला लागला का पुन्हा?" असे त्या आतून विचारत आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेत. आम्हाला हात लावायची त्यांना मनाई होती. तात्या आम्हाला कडांना धरून उचलत, मऊ ब्रशने चरांच्या दिशेने धूळ काढत आणि काम झाले की उभे ठेवत. सुई खाली ठेवताना त्यांचा हात असा काही हलका होई, की मलासुद्धा, नावडती असून, जपल्यासारखे वाटे. प्रेम नसले तरी तात्यांनी माझी हेळसांड कधी केली नाही. हे त्यांचे ऋण मी मानते.

वर्षे गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तात्या छापखान्यातून निवृत्त झाले. आता दिवसभर आपली मंडळी ऐकायची, असा त्यांचा बेत होता. आणि तेव्हाच विपरीत घडले.

एका सकाळी त्यांनी दीपगृहवाली लावली. वाद्ये एकेक करून निघून गेली. आता बासरी येणार, म्हणून तात्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. सुई फिरत होती. त्यांनी आवाज वाढवला. पुन्हा लावून पाहिले. मग रेकॉर्ड उजेडात धरून पाहत बसले. फळीवरून आम्ही बहिणी सगळे पाहत होतो आणि ऐकतही होतो. बासरी नेहमीसारखीच वाजली होती. दीपगृहवालीला काही झाले नव्हते. पण आम्हाला बोलता कुठे येते?

आधी तात्यांनी सुईला दोष दिला. नवी सुई आणली. बासरी आली नाही. दुकानदाराने खराब सुई दिली म्हणून त्याच्याशी भांडून दुसरी आणली. तरी नाही. मग त्यांची नजर फळीवर गेली. फळी त्या दिवशी स्वच्छ दिसत होती.

"अगं, फळी पुसलीस तू?" त्यांनी काकूंना हाक मारून विचारले.

"पुसली. बोटभर धूळ होती," काकू म्हणाल्या.

"ओल्या फडक्यानं?"

"फळी ओल्या फडक्यानं नाही तर काय अत्तरानं पुसू?"

"आणि तेच फडकं दीपगृहवालीवर फिरवलंस."

"मी तुमच्या रेकॉर्डी वेष्टनातून बाहेरसुद्धा काढल्या नाहीत."

"मग चर काय आपोआप बुजले? मेली ती! जन्मभर जपलेली रेकॉर्ड तू मारून टाकलीस!"

मित्रांनो, मी साक्षीला होते. काकूंनी आम्हाला एकेक करून वेष्टनासकट पलंगावर ठेवले होते, फळी पुसून वाळू दिली होती आणि मग होतो त्याच क्रमाने परत लावले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. काकूंनी डोळ्यांत पाणी आणले नाही. फक्त त्या दिवसापासून जेवण वाढण्यापुरते बोलू लागल्या. घरात अबोला येऊन बसला आणि त्याने आपल्या मंडळींपेक्षा जास्त जागा व्यापली.

मग तात्यांनी घुबडवाली लावली. तिचीही बासरी गेलेली. जिनेवालीच्या झांजा गेलेल्या. जोडवालीचा ऑर्गन आला, पण तोही जणू पांघरूण घेऊन. सगळ्यांत शेवटी, केवळ खात्री करायला, त्यांनी मला लावले. माझ्यात बासरी नाहीच. जाड तारा, ढोल, खालचे सूर. मी जशी जन्मले तशी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत खणखणीत वाजले आणि तात्या खुर्चीत ताठ झाले.

"हिला काही झालेलं नाही!" ते म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "होणार कसं? हिला वर्षातून एकदा लावतो आपण. बाकीच्या वाजवून वाजवून झिजल्या. प्लेट झिजते तशा झिजल्या."

छापखान्यात एकच प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, फार वापरली की बारीक ठिपके आधी पुसट होतात, म्हणे. त्या हिशेबाने तात्यांना सगळे पटले. आपण ज्यांच्यावर जास्त प्रेम केले त्याच आपल्या प्रेमाने झिजल्या, असे त्यांनी ठरवून टाकले. आणि पुरावा कोण, तर मी! मी गळा फाडून ओरडले असते, "तात्या, मी खोटी साक्ष देते आहे, ऐकू नका." पण माझा गळा म्हणजे सुई, आणि ती तात्यांच्या हातात.

निदान आता तरी काकूंची क्षमा मागायची! फडक्याचा आरोप तर खोटा ठरला होता. पण तात्यांनी ती मागितली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे सोपे असते. तीच जीभ परत घेणे अवघड.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या बहिणींना नव्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले. उरलेसुरले चर वाचावेत म्हणून त्यांना आता लावायचे नाही, असे ठरले. आणि रोज सकाळी मी वाजू लागले. मीच! कानामागून आली आणि तिखट झाली, असे बहिणी नक्कीच म्हणाल्या असतील. पहिले काही दिवस मी हरखून गेले. जन्मभर जे मागितले ते मिळाले होते. पण हळूहळू मला कळू लागले. तात्या मला ऐकत, ते आजारी माणसाने पथ्याचे जेवण जेवावे तसे. बोटे टेबलावर पडत नसत. डोळे मिटत नसत. बाजू संपली तरी कधी कधी त्यांच्या लक्षात येत नसे आणि सुई रिकामी खरखरत राही. आतल्या खोलीत काकू एकट्या, बाहेरच्या खोलीत तात्या एकटे, आणि मध्ये मी वाजते आहे. असे मानाचे पान कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मांडणीचा रविवार आला. तात्यांनी चष्मेकाकांना आधीच कळवले होते, की आता मांडणी वगैरे काही नाही, रेकॉर्डी संपल्या. तरीही चष्मेकाका आले. त्यांच्या काखेत एक चौकोनी पुडके होते.

"उघड," ते म्हणाले.

आत दीपगृहवाली होती. आमची नव्हे, दुसरीच, तिची जुळी. कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर इतकी वर्षे पडून राहिलेली, एकदाही न वाजलेली. तिचे मूळचे सील तसेच होते. तात्यांनी नखाने सील फोडले, तिला बाहेर काढले, उजेडात धरले. आरशासारखी होती पोरगी.

तात्यांनी तिची दुसरी बाजू लावली. दोघे मित्र आपापल्या खुर्चीत बसले. आम्ही फळीवरून पाहत होतो. सगळी वाद्ये वाजली, तापली, मग एकेक करून निघून गेली. चष्मेकाकांनी डोळे मिटले.

तात्या उसळून उठले. "हीपण गेली! कोरी रेकॉर्ड, आणि हिचीपण बासरी गेलेली! फसवलं तुला दुकानदारानं!"

"अरे, थांब की!" चष्मेकाका डोळे न उघडता म्हणाले. "वाजू दे ना तिला."

"काय वाजू दे? काय आहे वाजायला?"

चष्मेकाकांनी डोळे उघडले. तात्या त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण चष्मेकाकांची बोटे हवेत हलत होती, बासरी वाजवणाऱ्या माणसाच्या बोटांसारखी. मग तात्यांनी मान वळवली. स्वयंपाकघराचे दार उघडले होते. दारात काकू उभ्या होत्या, हातात पुसायचे भांडे तसेच, आणि त्यांचे ओठ मिटलेले होते, पण मान हळूहळू वर चालली होती. बासरी जशी वर जाते तशी.

तात्यांनी एकदा मित्राकडे पाहिले, एकदा बायकोकडे. मग ते प्लेअरजवळ गेले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी स्पीकरला कान लावला. खोलीत बासरी भरून वाहत होती. तात्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते.

"आत्ता वाजतेय?" त्यांनी विचारले.

"हो," चष्मेकाका म्हणाले.

"तुला ऐकू येते?" हा प्रश्न काकूंना होता.

"येते," काकू म्हणाल्या.

ज्या कानाने आयुष्यभर एकाच्या जागी दोन कागद ओळखले, त्या कानावर तात्यांना कधी शंकाच आली नव्हती. सुई, दुकानदार, बायको, रेकॉर्डी, सगळ्यांना दोषी ठरवून झाले होते. ते तसेच जमिनीवर बसून राहिले. बाजू संपली. कुणी उठले नाही.

मग काकूंनी भांडे खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि त्या तात्यांशेजारी जमिनीवर येऊन बसल्या. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

चष्मेकाकांनी सुई मागे नेली. वाद्ये गेली. आणि काकू गुणगुणू लागल्या. बासरीची तीच धून, सुरात सूर मिळवून, पण खालच्या पट्टीत, पोटातून, तात्यांच्या कानापर्यंत पोहोचेल अशी. कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा, कुठे ती धून अडखळल्यासारखी करून पुन्हा चालू लागते, सगळे त्यांना पाठ होते. दार लोटून घेतलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी इतकी वर्षे हे ऐकले होते. आम्ही बहिणींनी एवढ्या वर्षांत हे कधी ओळखले नव्हते.

तात्या रडले. अगदी ओक्साबोक्शी. एवढ्या वर्षांत मी त्यांना असे रडताना कधी पाहिले नव्हते.

"फडक्याचं ते..." ते म्हणाले, "चुकलं माझं. मला कधीच कळलं होतं, पण बोलवेना."

"एवढ्यावर सुटका नाही," काकू म्हणाल्या. "आधी डॉक्टरांकडे चला. मग माझ्याशी सावकाश भांडा."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, की हे एका दिवसाचे दुखणे नाही. मशीनच्या आवाजाने बारीक, उंच सूर ऐकण्याची शक्ती थोडी थोडी करून गेली आहे आणि गेलेली परत येणार नाही. त्यांनी कानात घालायचे यंत्र दिले. ते घातले की तात्यांना बासरी थोडीशी ऐकू येते, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटते, असे ते म्हणतात. म्हणून दीपगृहवाली लागली की पुष्कळदा ते यंत्र काढून ठेवतात आणि काकू शेजारी येऊन बसतात. बहिणी पिशव्यांतून बाहेर आल्या. मी रोजच्या वाजण्यातून सुटले आणि फळीच्या टोकाला परत गेले. वाईट वाटले का? थोडे वाटले. खोटे कशाला बोलू?

पुढच्या वर्षीच्या मांडणीला खोलीत तिसरी खुर्ची आली. दोघे मित्र नेहमीप्रमाणे हमरीतुमरीवर आले. मध्येच तात्या थांबले आणि काकूंकडे वळले.

"अगं, तुझी पहिली कोणती?"

"माझी?"

"हो. इतकी वर्षं आम्ही दोघंच भांडतोय. तुला कधी विचारलंच नाही."

काकू उठल्या. त्यांचे बोट फळीवरून चालू लागले. दीपगृहवाली, घुबडवाली, जोडवाली, जिनेवाली, सगळ्यांना ओलांडून ते माझ्यापाशी आले. त्यांनी मला बाहेर काढले, कडांना धरून, अगदी तात्या धरतात तसे.

"अहो वहिनी, ही?" चष्मेकाका हसू लागले. "ही तर कडेची!"

"हीच," काकू म्हणाल्या.

"काय आहे काय हिच्यात?" तात्यांनी विचारले.

"ते मला काय माहीत? मी कुठे कधी नीट ऐकलीय?"

"मग?"

"मांडणीत ही लागली की तुम्हाला कंटाळा यायचा," काकू म्हणाल्या. "उठून आत यायचात. ओट्याला टेकून माझ्याशी गप्पा मारत उभे राहायचात. बाकीच्या लागल्या की तुम्ही घरात असून नसायचात."

खरे होते ते. अबोल्याचे ते दिवस सोडले, तर मी वाजू लागले, की तात्यांची खुर्ची रिकामी व्हायची. तो माझा अपमान आहे, असे मी आयुष्यभर समजत आले. खुर्चीतून उठलेला माणूस जातो कुठे, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी रेकॉर्डी असतील तर त्या उभ्या ठेवा, कडांना धरा, धूळ ब्रशने काढा. गोंगाटाच्या जागी काम करत असाल तर कानांना जपा. रेकॉर्ड दुसरी मिळते, दुकानाच्या माळ्यावरसुद्धा मिळते. कान मिळत नाही. आणि तुमच्या घरात जे कोणी आपली आवड कधी बोलून दाखवत नाही, त्याला ती एकदा विचारा. उशीर झाला असला तरी विचारा.

त्या दिवशी तात्यांनी मला हातात घेतले, प्लेअरवर ठेवले आणि सुई लावली. पहिला ढोल वाजला तसे ते उठले आणि म्हणाले, "चल, आत." चष्मेकाकाही उठणार होते, पण पुन्हा खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. मी वाजत राहिले. तात्यांना ऐकू यावे म्हणून काकूंना आता मोठ्याने बोलावे लागते, त्यामुळे ओट्यापाशी चाललेले त्यांचे बोलणे मला पहिल्यांदाच शब्दन्‌शब्द ऐकू आले. विशेष काही नव्हते. नळ गळतोय, पडदे धुवायचेत, लेकीला फोन करायचाय. माझी बाजू संपली आणि सुई बराच वेळ रिकामी खरखरत राहिली, पण ती उचलायला आतून कुणी आले नाही.